पळसतांड्याचा थांबा

पळसतांडा, यवतमाळ
९ जानेवारी २०२५

प्रेरणे,

फोनच करणार होती, पण आपलं मागचं भांडण आठवलं. फोनवर तू मधातच तोडते आन् मी मधातच रडते. कागदावर दोघीयलेही आपलं बोलणं पुरं करता येते. म्हणून पुसदच्या होस्टेलात सुट्ट्यायमधी लिहायचो तसं पत्र लिहून राह्यली. जशी बोलते तशीच लिहीन. शुद्धलेखन तपासू नको.

मागच्या हप्त्यात आर्णी रोडवर पिवळे जॅकेट घातलेले पोट्टे खुर्च्या टाकून बसले होते. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या मोजून राह्यले होते. इचारलं तं म्हणे, सिटी बस चालू होणार हाये. लोहाऱ्याच्या एमआयडीसीपासून बसस्टँडवरून आर्णी रोडपर्यंत. नकाशा नागपूरची एक कंपनी करून राह्यली. कंपनीचं नाव ऐकलं आन् मी रस्त्यावरच हसली. तिथं तं माही प्रेरणा बसते!

आता ऐक. बस आर्णी रोडवरच थांबली तं आमाले तिचा काय उपेग? आमचा तांडा रोडपासून केवढा आतमधी हाये, तुले माहीत हाये. मधात वीटभट्ट्या, बाभळी, आन् एक दिवा नाई. तांड्यातल्या किती तरी बाया माह्यासंगं लोहाऱ्याच्या गिरणीत येतात. दुपारपाळी सुटली का रात्री अंधारातच घरी. लालीबाईची ममता नर्सिंगले जात होती. भट्टीजवळ दोन पोट्टे रोज मोटरसायकल आडवी लावत. तिच्या बापानं ममतालेच घरी बसवलं. मोटरसायकलवाल्याले कोणी घरी बसवलं नाई.

तुह्या नकाशातली रेघ ममताच्या घरापर्यंत जाते का? हो का नाई, तेवढं सांग.

तुही,
राखी

•

नागपूर
२२ जानेवारी

प्रिय राखी,

तुझं पत्र ऑफिसातच उघडलं आणि एकटीच हसत बसले. बाजूच्या टेबलावरचा कपिल विचारत होता, पगार वाढला का म्हणून.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: हो. कालपर्यंत नव्हतं, आजपासून आहे. आमच्या पोरांनी रोडवर गाड्या मोजल्या, पण रोडपर्यंत चालत येणाऱ्या बायांना कुणी मोजलंच नव्हतं. गाडी नाही म्हणजे प्रवासी नाही, असा आमचा हिशोब. मी शनिवारी पुन्हा माणसं पाठवली, पाळीच्या वेळेला, तुमच्या फाट्यावर. आकडे पाहिले आणि लगेच नकाशा उघडला. आता नकाशात आर्णी रोडवरून एक वळसा तांड्यापर्यंत जातो. मी स्वतः काढलाय.

एकच अडचण आहे. बसला तिथं वळायला मोकळी जागा लागते. अरुंद रस्त्यावरून मागं मागं घेत आणणं चालत नाही. तशी जागा नसेल तर वरचे लोक पहिला घाव वळशावरच घालतील. तांड्याच्या तोंडाशी कुणाची पडीक जमीन आहे का, बघून ठेव.

आणि हे अजून मंजूर झालेलं नाही. कुणाला सांगू नकोस.

तुझी,
प्रेरणा

•

पळसतांडा
३ फेब्रुवारी

प्रेरणे,

सगळ्यायले सांगतलं.

चूप कशी राहू बाप्पा? पत्र हातात घेऊन लालीबाईकडं गेली, तिथून शकुबाईकडं. सांजेपर्यंत धावजी नायकानं तांडा गोळा केला. मी उभी राहून तुही रेघ मातीत काढून दाखवली. ममता मागं उभी होती. रात्री येऊन म्हणे, "ताई, ॲडमिशन पुन्हा मिळते का वो?"

जागा हाये. आमच्याच वावराचा रस्त्याकडचा कोपरा. नुसता मुरूम, तिथं कापूस उगवत नाई, तूरही नाई. आमचा बाप किसनसिंगबा गेल्यावर सातबाऱ्यावर माह्या मायचं, याडीचं, जीवनभाऊचं आन् माहं अशी तीन नावं चढली. मी सासर सोडून आली तवापासून भाऊ मले कधी जड बोलला नाई, हे तुले माहीत हाये. कोपऱ्याचं इचारलं तं म्हणे, "पाहू." याडी म्हणे, "रस्ता आपल्या दाराशी आला तं बरंच हाये."

मंजूर कवा होते ते कळव.

राखी

•

नागपूर
२ मार्च

प्रिय राखी,

उशीर झाला, रागावू नकोस. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून कळंबला होते. आता बरे आहेत. काठी घेऊन अंगणात फिरतात आणि काठी घेतल्याचं कुणी पाहिलं की काठीवरच चिडतात.

कामाचं म्हणशील तर चर्चा सुरू आहे. अशा गोष्टींना वेळ लागतो. ममताला म्हणावं, घाई करू नको.

तुझ्या याडीला, नंदामावशीला नमस्कार.

प्रेरणा

•

पळसतांडा
२८ मार्च

प्रेरणा,

तुह्या पत्रात बाबायच्या काठीवर तीन ओळी होत्या आन् बसवर एक. मले तवाच समजाले पाह्यजे होतं.

काल नगरपरिषदेच्या सभागृहाच्या बाहेर नकाशा लागला. सुनावणी १७ एप्रिलले हाये, कोणाची हरकत असंन तं तिथं सांगा म्हणे. मी सुट्टी टाकून पाहाले गेली. वळसा हाये. पण तो तांड्यात येत नाई. पुंडलिकरावाच्या नक्षत्र लेआउटात जाते. रोड आन् तांड्याच्या मधात त्यानं जे प्लॉट पाडले ना, तेच. अजून तिथं एक घर नाई. नुसते चुन्याचे पट्टे. त्या चुन्याले बस पाह्यजे आन् आमाले नाई?

पुढचं ऐक. नकाशात शेवटचा थांबा जिथं हाये, तो आमचा कोपरा हाये. तोच मुरूम. फक्त त्याच्याभोवती भिंत दाखवली हाये आन् लेआउटचं फाटक. भिंतीच्या त्या बाजूले आम्ही. बस आमच्या डोळ्यापुढं वळंन, आन् तिच्यात बसाले आमाले भिंतीले फेरा घालून रोडवर जा लागंन.

घरी आली तं जीवनभाऊ कागद घेऊन बसला होता. हक्कसोड. "राखी, इथं सही कर. कोपरा पुंडलिकरावाले देऊन राह्यलो." मी म्हटलं, उद्या पाहीन. रात्रभर जागी होती. याडी बाजूले झोपली होती, तीही जागीच होती.

तुले हे सगळं माहीत होतं. होतं ना?

राखी

•

नागपूर
२ एप्रिल

राखी,

होतं. फेब्रुवारीच्या शेवटी कळलं. साहेबांनी माझा वळसा उचलला आणि जसाच्या तसा लेआउटात नेऊन ठेवला. मी विचारलं तर म्हणाले, "तांड्यातल्या बायका आज ऑटोनं जातात, उद्याही जातील. नक्षत्रमधली माणसं स्वतःची गाडी सोडून बसमध्ये येतील, त्याला म्हणतात बदल." मला वाटलं, मी आतूनच भांडून ते परत फिरवीन आणि तुला कळायच्या आत सगळं ठीक होईल. झालं नाही.

काल मी साहेबांना लेखी दिलं. हा नकाशा चुकीचा आहे, सर्वेक्षणातले पाळीच्या वेळेचे आकडे गाळले आहेत, आणि यावर माझं नाव नको. आज सकाळी मला या कामावरून काढलं. कपिल चहाच्या टपरीवर हळूच म्हणाला, "प्रेरणा, माफी माग, एक ओळ लिही, विषय संपेल." मी म्हटलं, एक ओळ लिहायची असती तर कालची दोन पानं कशाला लिहिली असती?

आता तुझ्या सहीचं. तुझ्या सहीशिवाय तो कोपरा पुंडलिकरावांच्या हाती पूर्ण येत नाही, आणि कोपरा नाही तर त्यांचं फाटक नाही, त्यांचा थांबाही नाही. बापाच्या जमिनीत तुझा वाटा आहे. तो कुणी तुला उपकार म्हणून दिलेला नाही. पण सही कर किंवा करू नको, हे मी सांगणार नाही. भाऊ तुझा आहे. त्या घरात तुला राहायचं आहे, मला नाही.

सुनावणीला मी यायचं म्हणत होते. कंपनीनं लेखी बजावलंय की तिथं दिसलीस तर करारभंग. म्हणून माझी हरकत नागरिक म्हणून, नावपत्त्यासकट, पोस्टानं पाठवली आहे. वाचतील की नाही, माहीत नाही.

प्रेरणा

•

पळसतांडा
२० एप्रिल

प्रेरणे,

वाचली.

आता पुरं सांगते. हॉलमधी पुढच्या खुर्च्यायवर पुंडलिकराव आन् त्याचे लोक. आम्ही बाया मागं, अर्ध्या उभ्याच. लालीबाईनं गिरणीचा खाडा केला, शकुबाईनं नातू काखेत घेतला. धावजी नायक म्हणे, "बायायनं कायले यायचं, मी बोलतो ना." लालीबाई म्हणे, "नायक, तुमी बोला. आमी पाहून राह्यलो, काय बोलता ते." मंग बिचारा खरंच चांगला बोलला.

तुह्या कंपनीच्या साहेबानं पडद्यावर नकाशा दाखवला. गोड बोलते माणूस. मंग सुनावणीच्या अध्यक्षबाईनं आलेल्या हरकती वाचाले घेतल्या. एक, दोन, आन् मंग तुही. कळंबचा पत्ता, तुहं पुरं नाव. पाळीच्या वेळचे आकडे वाचले तवा मागून शकुबाई मोठ्यानं म्हणे, "हे आमी होय!" सगळे हसले. साहेब हसला नाई.

मंग पुंडलिकराव उठला. "हरकती असू द्या. बसले वळाले जागा लागते, आन् जागा फक्त माह्याकडं हाये. मालकायची संमती झाली हाये." जीवनभाऊ त्याच्या बाजूलेच बसला होता.

मी उठली. मी म्हटलं, "त्या जागेचे तीन मालक हायेत. माही सही कोठं हाये?"

भाऊ मागं वळला. "राखी, तू तं हो म्हटलं होतं."

"मी पाहीन म्हटलं, भाऊ. मंग मी चूप होती. चूप म्हणजे हो नोय."

मी तशीच बोलत गेली, थांबली असती तं पुन्हा बोलता आलं नसतं. म्हटलं, कोपरा माह्या वाट्यात आला तं मी तो बसले वळाले देते. फुकट देते. पण तिथं भिंत नाई होणार, फाटक नाई होणार, आन् बस तांड्याच्या माणसायले सोडून कोठं जाणार नाई. हे लिहून घ्या. अध्यक्षबाईनं खरंच लिहून घेतलं. म्हणे, नकाशा पुन्हा तपासू.

पुंडलिकराव जाता जाता भाऊले म्हणे, "घरची बाई सांभाळता येत नाई तं धंदा कायले करता?" त्याच वाक्यानं सगळं बिघडलं. भाऊ मले एकटीले काई बोलला असता, पण चार लोकायमधी त्याची मान खाली गेली. घरी आली तं माही पेटी ओट्यावर. वहिनी आतमधी रडून राह्यली होती. याडी दारात उभी होती. मी तिच्याकडं पाहत राह्यली, म्हटलं आता काई बोलंन. तिनं दार लावलं.

लालीबाईकडं हाये. ममताच्या खोलीत झोपते.

राखी

•

कळंब
५ मे

राखी,

पत्ता बघितलास ना? मी नोकरी सोडली. काढायची वाट बघत बसले नाही.

बाबा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चिंतामणीच्या देवळापाशी त्यांचे जुने मित्र भेटले, तर त्यांना म्हणाले, "पोरीनं साहेबाच्या तोंडावर राजीनामा फेकला." मी ईमेलनं पाठवला होता. पण असू दे.

रोज एकच विचार येतो. मी तिकडं बसून रेघ काढली आणि इकडं तुझं घर गेलं. नंदामावशीनं दार लावलं हे वाचून मला पुढचं वाचवेना. माझ्या नकाशापायी झालं हे.

प्रेरणा

•

पळसतांडा
१८ मे

प्रेरणे,

नकाशापायी नाई. मी न केलेल्या सहीपायी झालं. जे मी केलं ते माह्याच नावावर राहू दे, तू त्यात वाटा मांगू नको.

वाटणी झाली. मोजणीवाले आले होते. भाऊनं तिसऱ्या माणसाच्या तोंडून कळवलं, "कोपराच पाह्यजे तं कोपरा घे, विहिरीकडची काळी जमीन माही." मी हो म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, सगळ्यायनं ऐकलं. काळ्या जमिनीत कापूस कसा येते ते मले माहीत हाये, मीच येचत होती. वाईट वाटलं. अजून वाटते. पण पुंडलिकरावाचं फाटक आता होत नाई.

याडी सही कराले आली होती. माह्याकडं पाह्यलं नाई.

आन् हे रडणं पुरे. तू आता काय करणार, ते लिही.

राखी

•

कळंब
३० ऑगस्ट

राखी,

सुधारित नकाशा मंजूर झाला. यादीत शेवटचा थांबा: पळसतांडा. पुढं कंसात "प्रायोगिक" असं लिहिलंय. म्हणजे प्रवासी दिसले तर ठेवू, नाहीतर बंद करू. पुंडलिकराव त्या एका शब्दावर नजर ठेवून बसले असतील.

गंमत बघ, वळसा जसाच्या तसा माझाच आहे. खाली सही साहेबांची. मी दोन दिवस चिडले, मग म्हटलं, रस्त्यावर सही थोडीच दिसते? बस दिसते.

आता काय करणार विचारलं होतंस. मारेगावची नगरपंचायत शाळेच्या पोरींसाठी गाड्यांच्या वेळा बसवून मागते आहे. काम लहान आहे, पण हो म्हटलंय. या वेळी आधी फाट्यावर जाऊन उभी राहणार आहे, नकाशा नंतर.

नंदामावशी बोलते का गं?

प्रेरणा

•

पळसतांडा
१४ नोव्हेंबर

प्रेरणे,

बोलली. तेच सांगाले बसली.

काल बसची चाचणी फेरी होती. मी गिरणीत होती, सुट्टी भेटली नाई. म्हणून तांड्यातलं लालीबाईच्या तोंडून ऐकलेलं सांगते.

दुपारी बस आली. कोपऱ्यावर एका दमात वळली. पोट्ट्यायनं टाळ्या वाजवल्या. साहेब लोक खाली उतरून फोटो काढून राह्यले होते. तवा याडी घरातून निघाली. ठेवणीतली फेटिया-कांचळी घातली होती, जी फक्त लग्नाले घालते. जीवनभाऊ ओट्यावर होता, म्हणे, "याडी, कोठं चालली?" तिनं ऐकलंच नाई असं केलं. सरळ बसमधी चढली आन् डायवरच्या मागच्या सीटवर बसली.

डायवर म्हणे, "आजी, उतरा. आज चाचणी हाये, प्रवासी घेत नाई."

"कायची चाचणी?"

"बस बरोबर चालते का, ते पाहून राह्यलो."

"मंग मी बी तेच पाहून राह्यली. चालव."

त्यातला एक साहेब आला. समजावलं, नियम सांगतला. म्हणे, गाडी रिकामी न्या लागते. याडीनं पुढचा दांडा दोन्ही हातानं धरला. म्हणे, "रिकामी नेसान तं उद्या तुमीच लिहिसान, पळसतांड्यातून कोणी बसलं नाई. मी उतरत नाई. मले उचला आन् खाली ठेवा. ठेवता का?"

कोण ठेवते? तेवढ्यात लालीबाई चढली. शकुबाई चढली. ममता पुस्तकाची थैली घेऊन चढली, परवापर्यंत तिचा बाप नाई म्हणत होता, तोच तिच्यामागून चढला. धावजी नायक शेवटी आला आन् त्याले उभं राहा लागलं.

इकडं आमची सकाळपाळी सुटली. मी गिरणीच्या फाटकाबाहेर आली तं समोर बस उभी. नवी, पिवळी, आन् खिडक्या-खिडक्यायतून आमचाच तांडा. मले समजेना. डायवरच्या मागं याडी होती. सात महिन्यानं तिनं माह्याकडं सरळ पाह्यलं. डोळे पुसले नाई, पदरही सावरला नाई. बाजूच्या सीटवर हात मारला.

"आव, बेस," म्हणे.

मी चढली आन् बसली. तिचा हात गरम होता. बसस्टँड आलं तवा म्हणे, "त्या दिवशी दार लावलं तवा मी मागंच उभी होती. कडी लावली नव्हती. तू ढकललंच नाई." मी म्हटलं, "तू उघडलं नाई." "हो," म्हणे. "दोघी बी सारख्याच."

भाऊचं मन अजून वळलं नाई. बस परत आली तवा तो वावरात होता, पाठ करून. याडी आता कोणाकडं राह्यते ते पाहू. ती म्हणते, दोन्हीकडं.

साहेब जीपनं मागं मागं आला होता. कोपऱ्यावर आम्ही उतराले लागलो तवा लाल तोंड करून म्हणे, "नंदाबाई, आज झालं ते झालं. उद्यापासून असं चालणार नाई."

याडी पायरीवरच थांबली. मागची सगळी बस तिच्या मागं खोळंबली.

"उद्या मोठी बस आणा," म्हणे. "आज आर्ध्या बाया वावरात होत्या."

तुही,
राखी